दप्तरातली ज्वारी

“बारा आणे पीक उभं आहे!” पाहणीदार त्र्यंबकपंतांनी दप्तर वाचलं आणि फटकन मिटलं. “बोरखडीला काही मिळणार नाही!”

दरबारात समोर राही उभी होती, बोरखडीच्या हैबतीची लेक. गारांनी तिच्या गावाची ज्वारी अशी झोडपली होती की कणसं चिखलात रुतून कुजली. पुढच्या सुगीपर्यंत चाळीस घरांनी खायचं काय, हे विचारायला गावानं तिलाच पुढं केलं होतं, कारण तिची जीभ कुणापुढं अडखळत नसे.

राजा भानुदेवानं ‘पीकराखण’ नावाची योजना काढली होती. दर सुगीला प्रत्येक शेतकऱ्यानं मापभर धान्य सरकारी कोठारात टाकायचं आणि ज्याचं पीक बुडेल त्याला कोठारानं पोसायचं. योजना राजाची फार लाडकी. कोठारं तुडुंब भरली होती. ती भरलेलीच राहावीत म्हणून पंतांनी नियम केले होते.

“पंत, तुम्ही शेत कोणतं पाहिलंत?” राहीनं विचारलं.

“नियमाप्रमाणे एकच. रस्त्याकडेचं. दोरी टाकून चौकोन आखला आणि आतली कणसं मोजली.”

“ते पाटलांचं! आमराईच्या आडोशाला आहे, तिथं गार शिरलीच नाही. बाकीची शेतं ओढ्यापलीकडं आहेत.”

“ओढ्यापलीकडं पालखी जात नाही.”

“पंधरा दिवसांनी आलात तुम्ही. तोवर निम्म्या लोकांनी शेतं नांगरली होती.”

“मग नुकसान दिसणार कसं?” पंत गोड हसले. “शिवाय तीन दिवसांत लेखी कळवायचं असतं. तुमचा कागद पाचव्या दिवशी आला.”

“ओढ्याला पूर होता हो!”

“पुराबद्दल नियमात काही नाही.”

दरबार हसला. राजा मात्र चिडला. आपल्या योजनेत कुणी खोट काढली की त्याच्या कपाळाची शीर उडे.

“पुरे! दप्तरात पीक आहे म्हणजे आहे! आठ दिवसांनी मी पन्नास माणसं घेऊन बोरखडीला जेवायला येतो. त्याच बारा आणे पिकाचं जेवण घाल. बाहेरचा एक दाणा चालणार नाही. जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं, तर तुझ्या गावाचं नाव पीकराखणीतून कायमचं खोडून टाकीन!”

“दप्तरातल्याच पिकाचं जेवण ना, महाराज?”

“त्याच!”

“मग या. सकाळी काही न खाता या.”

घरी हैबतीनं डोक्याला हात लावला. “पोरी, काय कबूल करून आलीस! पन्नास माणसं!”

“बाबा, पाटलांकडून पीठ आणा. एका पानापुरतं.”

“आणि बाकीच्यांना?”

“बाकीच्यांसाठी पत्रावळ्या लावायला घ्या.”

आठव्या दिवशी दुपारी राजा आला. उन्हातानात घोडदौड करून सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. अंगण सारवून पंगत मांडली होती. रस्त्याकडेचं पहिलं पान पंतांचं. त्यावर चार गरम भाकऱ्या, पिठलं, ठेचा आणि लोण्याचा गोळा. राजापुढं आणि बाकीच्या पानांवर चिमूटभर मीठ.

राजा वाट पाहत राहिला. राजानं घास घेतल्याशिवाय पंतांनाही घेता येईना. लोणी वितळत होतं. पंत त्या लोण्याकडं बघत होते.

राही दोरी घेऊन आली. पंतांच्या पानाभोवती तिनं चौकोन आखला, भाकऱ्या मोजल्या आणि मोठ्यानं म्हणाली, “चार! लिहून घ्या हो बाबा. रस्त्याकडेचं पान पाहिलं, भरलेलं आहे. पंगत जेवून तृप्त झाली!”

“काय?” राजा ओरडला. “माझं पान रिकामं आहे!”

“नियमाप्रमाणे एकच पान बघायचं, महाराज.”

“अगं, भुकेनं जीव चाललाय माझा!”

“तशी नोंद नाही. भूक लागल्यापासून तीन घटकांत लेखी कळवायला हवं होतं.”

“धावत्या घोड्यावर कागद कुठून आणू?”

“घोड्याबद्दल नियमात काही नाही,” राही नम्रपणे म्हणाली.

पन्नास माणसं मान खाली घालून आपापल्या मिठाकडं बघू लागली. कुणाचा तरी खांदा हसण्यानं हलत होता.

“निदान माझं पान डोळ्यांनी बघ तरी!”

“बघायला येणार की! पानं उचलून अंगण सारवून झालं की लगेच.”

“तू मला कबूल केलेलं जेवण कुठाय?” राजानं पत्रावळीवर मूठ आपटली. मीठ उडालं.

“तुमच्या पुढ्यातच आहे, महाराज. दप्तरातल्या ज्वारीच्या भाकऱ्या अशाच दिसतात! बोरखडीची चाळीस घरं महिनाभर हेच खाताहेत.”

राजानं रिकाम्या पानाकडं पाहिलं. मग पंतांच्या पानाकडं. मग पंतांकडं. आणि एकदम खो खो हसत सुटला. हसता हसता त्यानं पोट धरलं. ते रिकामंच असल्यामुळं त्याला आणखी हसू आलं.

“हरलो, पोरी! माग काय हवं ते!”

“वाढपी प्रत्येक पानापुढं वाकतो, महाराज. पाहणीही तशीच व्हावी. प्रत्येक शिवारात, शेतकऱ्याला बांधावर उभं करून, नांगर लागायच्या आधी. आणि नुकसानीची वर्दी तोंडी दिली तरी चालावी. ती दरबारात पोचवायचं काम सरकारी माणसाचं.”

“दिलं! पंत, लिहा!”

पंत लिहू लागले. पहिल्याच ओळीवर पिठल्याचं बोट उमटलं.

“पण आता तरी वाढ, बाई!” राजा काकुळतीला आला.

“वाढते की! कोसभरावर सरकारी कोठार आहे. त्याचं दार उघडलंत, की पहिल्या गाडीच्या ज्वारीची पहिली भाकरी तुमची!”

“अरे, पळा!” राजा स्वारांवर ओरडला आणि पुन्हा हसू लागला. “गाड्या जुंपा! चाळीस घरांचं वर्षाचं धान्य आणा! आधी गावाचं उतरवा, मग माझं बघा!”

गाड्या येईपर्यंत राजा पत्रावळीपुढं बसून राहिला. त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून राहीला दिलं आणि साऱ्या मुलखाच्या पाहणीचं काम तिच्याकडं सोपवलं. राहीनं कडं घेतलं, कामही घेतलं आणि जातं झाडायला आत गेली.