सांध्यावरचा पोपडा

घरोघरी नुकते नळ येऊ लागले होते, त्या काळची गोष्ट. द्वारकाकाकूंच्या स्वयंपाकघरात भिंतीतला पाइप सांध्यातून झिरपायचा, आणि काकू दर दिवाळीला त्या ओलीवर रंग मारून घ्यायच्या.

"सारखा रडतोस आणि माझा रंग घालवतोस!" भिंत पाइपावर डाफरायची.

शेवटी नळ दुरुस्त करणारे हुसेनभाई आले. "कुठे गळतंय दिसत नाही, काकू. सगळी भिंतच फोडून बघावी लागेल," म्हणत त्यांनी छिन्नी काढली.

पाइपाने श्वास रोखून धरला. झिरपणं थांबलं.

"आता का रे गप्प झालास?" भिंतीने विचारलं.

"तुला लागेल गं."

मग भिंतीने नेमका सांध्यावरचा पोपडा आपणहून हुसेनभाईंच्या पायाशी सोडला.