गिरिजेचा घास

“देवानं बसवलेला जबडा माणसानं कापायचा? कुणाच्या परवानगीनं?”

प्रश्न रेवणसिद्धाचा, उत्तरही त्याच्याजवळच तयार. मठातला हा थोरला शिष्य बोलायला लागला की झाडावरचे कावळे चोच मिटून ऐकत बसत. निदान त्याला तसं वाटे.

समोर महालिंग आणि त्याची नऊ वर्षांची गिरिजा. लहानपणी ती बैलगाडीतून हनुवटीवर पडली आणि जबड्याचा सांधा जखडला. पोर वाढली, खालचा जबडा मागेच राहिला. दातांवर दात घट्ट. झोपेत श्वास अडके.

“डॉक्टर म्हणतात, सांधा आत्ताच मोकळा केला तर वाढत्या वयात जबडाही वाढेल,” महालिंग म्हणाला. “स्वामींनी हो म्हटलं, तर आजच्या गाडीनं सोलापूर गाठतो.”

“भोग आहे तो. सोसायचा,” रेवणसिद्धानं निकाल दिला.



मठाचे चन्नवीर स्वामी उठले. खांद्यावरचं उपरणं रेवणसिद्धाच्या हनुवटीखालून घेतलं आणि टाळूवर करकचून गाठ मारली.

“पंगत बसवा,” म्हणाले.

एरवी रेवणसिद्ध पाटावर बसला की चुलीला धडकी भरायची. आज कडक भाकरीचा कण आत जाईना. आमटी हनुवटीवरून छातीवर, छातीवरून पोटावर, आणि तिथून मुंग्यांच्या ताब्यात.

गिरिजा शेजारी सरकली. तिनं भाकरी आमटीत कुस्करली, चिमूटभर त्याच्या गालात घातली आणि बोटानं शेवटच्या दाढेमागच्या फटीतून आत लोटली.

“गिळा,” दात न उघडता ती म्हणाली. “चावायला जाऊ नका. ते आपल्याला जमत नाही.”

त्याला ठसका लागला. डोळे भरले. हात गाठीकडे गेला.

गिरिजेनं त्या हातावर चापट मारली.

“मी सोडते का?”

…

पंगतीत कुणी घास उचलेना. गिरिजेनं हात धुतले, परकराला पुसले.

“चला अप्पा. गाडी जाईल.”

“अगं, स्वामींनी अजून…”

“तुम्ही थांबा मग. मी कंडक्टरला सांगून जाते.”

ती उंबरा ओलांडून गेलीसुद्धा. महालिंगानं घाईघाईनं हात जोडले आणि चपला हातात घेऊन तिच्यामागं धावला.

स्वामींनी भाकरीचा तुकडा मोडला.

“रेवणा, पोर निघाली बघ. अडव की. देव काय म्हणाला, ते सांग तिला.”