उजेडात मोठी होणारी बाहुली

एकदा एका वृद्ध नेत्रवैद्यांकडे एक तरुण डॉक्टर शिकण्यासाठी राहिला होता. पैठणी विणणाऱ्यांच्या गावात त्या नेत्रवैद्यांचे लहानसे रुग्णालय होते. शिष्याचे नाव निरंजन. परीक्षेत तो पहिला आला होता आणि ही गोष्ट तो सहसा विसरत नसे.

एका सकाळी सुलभा नावाची विणकर स्त्री सासूबाईंबरोबर आली. चार दिवसांपासून डाव्या डोळ्याने अंधुक दिसते, डोळा फिरवला की आत दुखतो, असे ती सांगत होती. "आणि लाल रेशीम या डोळ्याला विटल्यासारखं दिसतं हो, धुऊन धुऊन रंग गेल्यागत."

"लग्नसराईची साडी मागावर अर्धी पडलीय," सासूबाई म्हणाल्या. "बसायला नको, म्हणून ही सोंगं."

निरंजनने भिंग लावून डोळ्यांत डोकावून पाहिले. सारे स्वच्छ होते. उजव्या डोळ्यावर टॉर्च धरला, बाहुली लहान झाली. थोड्या वेळाने डाव्यावर धरला, तीही लहान झाली. "डोळ्यांत दोष नाही," तो सासूबाईंना म्हणाला. "मनाचा ताण असेल." सासूबाई सुलभाकडे बघून हसल्या.

वृद्ध गुरुजींनी निरंजनने लिहिलेला तपासणीचा कागद वाचला, मग सुलभाला पुन्हा सगळे विचारले. सासूबाईंना बाहेर बसवून त्यांनी पडदे ओढले, दिवे मालवले. "समोरच्या भिंतीकडे बघत राहा, बाई." त्यांनी उजव्या डोळ्यावर उजेड टाकला, तीन आकडे मोजले, झटकन डाव्यावर नेला, तीन मोजले, पुन्हा उजव्यावर. असे कितीतरी वेळा. निरंजनला कळेना, जे आपण केले तेच हे पुन्हा का करताहेत?

"आता तू धर," गुरुजी म्हणाले.

उजेड डाव्या डोळ्यावर आला आणि त्या उजेडातच दोन्ही बाहुल्या मोठ्या झाल्या. उजव्यावर नेताच दोन्ही आक्रसल्या. निरंजन गोंधळला. त्याने पुन्हा केले. पुन्हा तेच.

"सर, हे उलटंच होतंय. टॉर्चचे सेल गेलेत का?"

"कालच घातलेत."

"पण मघाशी ही बाहुली लहान झाली होती! मी स्वतः पाहिली. मग खरं काय, तेव्हाचं की आत्ताचं?"

"दोन्ही खरं," गुरुजी म्हणाले. "थोडा उजेड कळला तरी बाहुली आक्रसतेच. पण दोन्ही बाहुल्यांना मेंदूचा हुकूम एकच असतो. उजव्या डोळ्याची शीर मेंदूकडे उजेडाची पुरी वार्ता नेते, डाव्याची सुजलेली शीर अर्धीच. टॉर्च उजव्यावरून डाव्यावर नेला की उजेड तेवढाच असतो, पण मेंदूला तो कमी झालासा वाटतो, म्हणून तो दोन्ही बाहुल्या सैल सोडतो. एकेक डोळा वेगळा पाहिलास तर हे दिसत नाही. आणि सूज डोळ्याच्या मागे आहे, म्हणून आत डोकावूनही तुला सापडली नाही. असं सोंग कुणालाही आणता येत नाही, निरंजन."

गुरुजींनी त्याचा कागद पुन्हा हातात घेतला.

"पण बाहुलीच्या आधी या बाईंनी सांगितलं होतं. लाल रंग विटणं हे याच शिरेचं दुखणं. ते कागदावर नाही."

"मला... महत्त्वाचं वाटलं नाही, सर."

त्याने पडदे उघडले आणि तो सुलभासमोर येऊन उभा राहिला. "ताई, माझी चूक झाली. तुमचं दुखणं खरं आहे."

सुलभाच्या डोळ्यांत पाणी आले. ती हळूच म्हणाली, "हे मला नका सांगू. बाहेर सांगा."

निरंजन बाहेर गेला. आठ-दहा माणसे बसली होती. त्या सर्वांसमोर त्याने हात जोडले आणि म्हणाला, "आजी, तुमची सून सोंग करत नाही. मीच नीट तपासलं नव्हतं. तिला आजच मोठ्या रुग्णालयात न्यायला हवं." सासूबाई उठून आत गेल्या आणि सुनेशेजारी बसल्या.

वेळेवर उपचार मिळाले. दोन महिन्यांनी सुलभाची नजर बरीचशी परतली. लाल अजून किंचित फिका दिसतो, असे ती म्हणाली. निरंजनने ते तिच्याच शब्दांत लिहून घेतले.

आपल्याला दोष सापडला नाही, एवढ्यावरून समोरच्याला वेदना नाही असे ठरवू नये.