कोंडाईची झोप

फार वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते विचारू नका. ज्यांनी पाहिलं ते गेले, ज्यांनी त्यांच्याकडून ऐकलं तेही गेले, गोष्ट तेवढी मागे राहिली. आंबेखोल हे गाव घाटाच्या पायथ्याशी. घाट उतरून दमलेला माणूस पहिल्यांदा टेकायचा तो गावाबाहेरच्या पडशाळेत. चार खांब, वर गवताचं छप्पर, एक चूल, आणि चुलीपुढे कोंडाई. भुकेला कोंडा, निजेला धोंडा, असा तिचा संसार. नवरा होता तोवर दोघं मिळून वाटसरूंचं करायची. तो गेला आणि सगळं तिच्या एकटीवर आलं.

पडशाळ चालायची गावाच्या मुठीवर. तिची पायरी रिकाम्या हातानं चढायची नाही, अशी रीतच होती. येणारा मूठभर नाचणी आणायचा, नसली तर परसातली दोन वांगी आणायचा. रीत चांगली होती. भरल्या घरात सगळ्याच रीती चांगल्या असतात.

मग पाऊस रुसला. एक वर्ष गावानं कसंबसं काढलं, दुसऱ्या वर्षी कणगीचा तळ दिसला. मुठीची चिमूट झाली, पुढे चिमूटही सरली. आणि माणसं यायची बंद झाली. वाईट कुणी नव्हतं हो. पण रिकाम्या हातानं पायरी चढायची कशी? म्हणून लोक पडशाळेवरची वाट सोडून ओढ्याकडच्या काट्याकुट्यांतून जायला लागले. कोंडाई समोर दिसलीच, तर मान खाली घालायचे.

घाटावर दुष्काळ याहून मोठा होता. तिकडची माणसं उतरतच होती. कुणी तापानं फणफणलेलं, कुणाचे पाय सुजलेले. पारू नावाची एक बाई तर पडशाळेत येऊन पडली आणि तिथंच बाळंत झाली. नवरा तिचा वाटेतच गेला होता. मुलगी झाली, एवढीशी. आता आईच्याच पोटात अन्न नाही, तर अंगावर दूध कुठून यायचं? कोंडाईनं पुष्कळ बाळंतपणं पाहिली होती. आईला लवकर पोटभर मिळालं नाही, तर दोघी जातील, हे तिला कळून चुकलं.

रानात कडूकंद मात्र होते. सगळं सुकलं तरी जमिनीखाली हा कंद टिकून राहतो. पण तो नुसता खाता येत नाही. पातळ चिरायचा, राखेच्या पाण्यात उकडायचा, वाहत्या पाण्यात धुवायचा, परत उकडायचा, परत धुवायचा, तेव्हा कुठे त्याचं विष उतरतं. एकदा कोंडाईनं घाई केली आणि आधी स्वतः चाखला, तर घसा सुजून तिला शब्द फुटेना. एवढं सगळं एकटीनं करायचं कधी? आजाऱ्यांपाशी बसायचं की कंद धुवायचे? असं म्हणतात, त्या दिवसांत चालता चालता तिचा डोळा लागायचा आणि पाय आपले चालत राहायचे.

एका दुपारी ती झऱ्यावर कंद धूत होती. झरा करंगळीएवढा राहिला होता. तेवढ्यात काट्यांतून तुळसा आली. दोघी एकाच वर्षी सुना होऊन या गावात आलेल्या.

"वाट वाकडी करून चाललीस, तुळसा?"

तुळसा खाली बघत म्हणाली, "घरात दाणा नाही गं. रिकामे हात घेऊन तुझ्या दारात कोणत्या तोंडानं येऊ?"

कोंडाई मटकन दगडावर बसली. तिला हसू आलं आणि रडूही आलं. इतके दिवस गाव आपल्याला विसरलं, असं ती समजून होती.

"अगं बये," ती म्हणाली, "मला हातच हवेत. भरल्या हातांनी का कंद चिरता येतात?"

तुळसा तिच्यामागून पडशाळेपर्यंत आली, पण पायरीशी तिचं पाऊल अडलं. जन्माची रीत ती, एका शब्दानं थोडीच सुटते. मग कोंडाईनं तांब्यातलं पाणी तिच्या हातांवर ओतलं.

"घे. आता रिकामे नाहीत. जा, पारूपाशी बस."

दुसऱ्या दिवशी बायका आल्या, मागून पुरुष आले, आणि सगळे हात ओले करून पायरी चढले. कुणी कंद खणले, कुणी चिरले, कुणी आजाऱ्यांचे पाय चेपले. एक चूल पुरेना, तेव्हा तुळसा म्हणाली, "आमचा रानपाला शिजून उतरला की चुलीत आच उरते. ती तशीच वाया जाते." झालं, पडशाळेची मडकी घरोघरच्या उरल्या आचेवर फिरायला लागली. एक उकळी या घरी, दुसरी शेजारी. असं म्हणतात, त्या चुली विझल्या तरी गार होत नव्हत्या. असं म्हणतात, कंद धुवायला बसलं की करंगळीएवढा झरा मनगटाएवढा व्हायचा. खरंखोटं त्या झऱ्याला ठाऊक. पारूला दूध आलं, एवढं मात्र अगदी खरं.

पोर पोटभर पिऊन झोपली, त्या दुपारी तुळसानं विचारलं, "कोंडाई, सगळ्यांसाठी मागितलंस. तुला काय देऊ?"

कोंडाईनं फार विचार केला नाही. "झोप दे," ती म्हणाली.

"मग तू पड जरा. मी बसते."

कोंडाई खांबाला टेकली. गावात निरोप गेला आणि उखळं थांबली, कुऱ्हाडी थांबल्या, कोंबडे डालग्याखाली गेले. असं म्हणतात, झऱ्यानंही आवाज खाली केला. ऊन उतरल्यावर तुळसा तिला उठवायला गेली. कोंडाई उठली नाही. परगावचे म्हणतात, ती गेली. आंबेखोलचं कुणी तसं म्हणत नाही. त्यांचं म्हणणं, तिची बरीच झोप राहिली होती, ती पुरी होईल तेव्हा उठेल.

अजून दर वर्षी त्या दुपारी गावात उखळ वाजत नाही, देवळातली घंटा वाजत नाही, आणि पोरांनी दंगा केला तर म्हाताऱ्या दटावतात, "हळू, कोंडाई निजलीय." कुणी पडशाळेला धान्याचं पोतं घेऊन आलं, तर त्यालाही ते खाली ठेवून आधी हात ओले करायला सांगतात. आणि एरवीही कुणाच्या घरी दुखणं लांबलं, करणारं माणूस थकलं, की शेजारचं कुणीतरी येतं. विचारत नाही, काही आणत नाही. दारातल्या घागरीतलं पाणी हातांवर घेतं, आत येतं आणि म्हणतं, "तू पड जरा. मी बसते."