बेडकांची ढाल

खूप जुन्या काळची, डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. धुक्यात बुडालेल्या एका खोऱ्यात एक तळं होतं. पाणी गढूळ, शेवाळलेलं; पण त्यात राहणाऱ्या हिरव्या बेडकांची जखम कधी चिघळत नसे.

खोऱ्यात केतकी नावाची बाई औषधपाणी करी. एकदा तिच्या लेकीच्या पायात काटा मोडला. पाय सुजला, ताप उतरेना, कुठलाच पाला लागू पडेना. तेव्हा केतकी तळ्याकाठी गेली आणि सगळ्यांत म्हाताऱ्या बेडकाला तिने उपाय विचारला.

बेडकाने सांगितलं की, आमच्या कातडीतून एक रस पाझरतो. डोळ्यांना न दिसणारे जंतू आले की तो त्यांच्या अंगाला चिकटतो आणि त्यांचं कवच फोडतो.

"लेकीसाठी ने," तो म्हणाला. "पण बाई, जीव जात असेल तरच हा रस वापर."

लेक बरी झाली. बातमी खोरंभर पसरली. आधी खरे आजारी आले. मग खरचटलेले, डास चावलेले, गालावर पुटकुळी आलेले. केतकीला कुणाला नाही म्हणवेना. म्हातारा बेडूक नको म्हणत राहिला, ती रस नेत राहिली.

लोक थेंबभर रस लावत आणि तळ्यातच हातपाय धूत. पाण्यात मिसळून पातळ झालेल्या त्या रसाने तळ्यातले पुष्कळ जंतू मेले. पण काहींचं कवच जरा निराळं होतं. रस त्याला चिकटेना. काही जंतू रसाचेच तुकडे करत, काही आत शिरलेला रस बाहेर टाकत. तेवढेच उरले, आणि त्यांचीच पिल्लावळ तळंभर झाली.

एका सकाळी तळं गप्प होतं. केतकी धावत आली. बेडकांच्या पाठींवर व्रण होते. कितीतरी जण पानांवर झोपल्यासारखे निश्चल पडले होते. म्हाताऱ्याचा श्वास तेवढा चालू होता.

"आजोबा, मी तर दयेपोटी दिला," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला. पण तुम्हा माणसांकडे आणखी औषधं होती. आमच्याकडे हा रसच होता."

दुपारपर्यंत तोही गेला.

केतकीने तळ्याची वाट काटेरी फांद्यांनी बंद केली. खरचटलेल्याला ती स्वच्छ पाण्याने जखम धुवायला सांगू लागली. लोक रागावले, ती बधली नाही.

पुष्कळ वर्षांनी, वरच्या ओढ्यातून तळ्यात उतरलेल्या वेगळ्याच रंगाच्या बेडकांचा आवाज धुक्यातून आला. लेकीने विचारलं, जाऊन पाहू या का?

"नको," केतकी म्हणाली. "इथूनच ऐकू." आणि ती दारात बसून राहिली.

तात्पर्य: जीव वाचवणारी ढाल क्षुल्लक कारणांसाठी रोज वापरली, तर ती भेदायला शत्रूला आपणच शिकवतो.