उंची वाढली की बघू

"पण वस्ताद, नाही का म्हणताय? कारण तरी सांगा की!"

रणधीर चौगुले तालमीच्या कट्ट्यावर बसून विचारत होता. हिंदुराव वस्ताद आखाड्यातली माती फावड्यानं वरखाली करत होते. 

रणधीर आमच्याच तालमीचा पोरगा. आमच्या कोल्हापुरात कुस्तीची तालीम तीच फुटबॉलची. सकाळी माती, संध्याकाळी मैदान, आणि दोन्हीकडं शब्द वस्तादांचा. त्यांच्या हाताखाली खेळून रणधीर वर गेला, आणि आता पुण्याकडच्या एका निवासी अकादमीसाठी शाळेतली पोरं निवडतो. पायात पांढरेधोट बूट, गळ्यात शिट्टी, खिशात मोजपट्टी. गडी हुशार, त्यात शंका नाही. पण हुशारी जरा अंगावर आली होती, हे मला तरी दिसत होतं.

त्याला पृथ्वी मेढे पाहिजे होता. नववीतलं पोरगं, आमच्या तालमीत यंदा उठून दिसलेलं. अकादमीत एकच जागा उरली होती आणि पोरगं उद्याच न्यायचं होतं. घरचे हो म्हणत नव्हते. वस्तादांनी शब्द टाकला असता तर मेढे नाही म्हणाले नसते, हे अख्ख्या पेठेला ठाऊक.

आणि वस्ताद शब्द टाकायला तयार नव्हते.

"जागा गेली तर पोरगं जन्मभर इथंच लाथा झाडत बसेल, वस्ताद."

"इथं काय वाईट आहे?"

"वाईट नाही हो... पण गोव्यात सहा वर्षांच्या पोराच्या पायात बॉल असतो. मिझोरामात चिल्ल्यापिल्ल्यांच्या लीग चालतात. आपल्याकडं? पोरगं बारा वर्षांचं होईपर्यंत बॉल आणून द्यायचं काम करतं. मग एक दिवस एकदम बाप्यांच्यात उतरवायचं. धडक घ्यायला शिकतं, मार खायला शिकतं. पायात बॉल मात्र ठरत नाही."

"खरं आहे," वस्ताद म्हणाले.

रणधीर वाद घालायच्या तयारीनं आला होता. समोरनं वादच आला नाही, तशी त्याला आणखी चेव आला.

"म्हणून आम्ही भाग बघून पोरं घेतो. मधल्या फळीला गोव्याची, मणिपूरची. कोल्हापूरचं पोरगं घ्यायचं ते मागं उभं करायला. उंच, रांगडं, धडकेला न भिणारं. माल जिथला चांगला, तिथनं तो उचलायचा."

"दिग्विजय मधे खेळायचा."

"कोण दिग्विजय?"

वस्तादांनी फावडं भिंतीला टेकवून ठेवलं.

माझं तर डोकंच फिरलं. अरे बाबा, ज्याच्या धाकट्याला न्यायला आलास त्या थोरल्याचं नाव आठवंना होय तुला? पण वस्तादांच्या समोर आम्ही तोंड उघडत नाही. 

"मेढ्यांचा थोरला," वस्ताद म्हणाले. "तीन वर्षांपूर्वी तुझ्याकडं वर्षभर होता."

"हां हां... तो! चांगला होता हो. पण उंचीत मार खाल्ला. मागच्या फळीत तेवढ्या उंचीवर भागत नाही. सोडावा लागला."

"मधे का नाही खेळवलास?"

"सांगितलं की... मधे गोव्याची पोरं होती."

वस्तादांनी मान हलवली. हौदावर हात धुतले, खांद्यावरच्या टॉवेलला पुसले. मग सावकाश विचारलं,

"सोडताना काय सांगितलंस त्याला?"

"काय सांगणार... रडायला लागला होता. म्हटलं, घरी जा, उंची वाढली की बघू."

वस्तादांनी त्याच्याकडं वळून बघितलं.

"असं म्हणावं लागतं, वस्ताद. पोराचं मन राखायला."

"तो इथं आला होता. तू बसलायस ना, तिथंच बसला होता. मला विचारलं, सर खरंच बघतील का."

"मग?"

"बघतील म्हटलं मी."

रणधीर कट्ट्यावरनं उठला. वस्तादांनी खुंटीवरचा सदरा काढून अंगात घातला.

"चल. मेढ्यांच्याकडं जाऊ. मी तोंड उघडणार नाही. काय मागायचं ते तू माग."

मी मागनं निघालो. मला कुणी चल म्हटलं नव्हतं, पण मला राहवलं नाही.

रविवारची दुपार. गल्लीत लोक जेवून दारात बसलेले. "रणधीरदा, यंदा कुणाचा नंबर?" म्हणून हाका यायला लागल्या. तो हसून हात करत होता. वस्ताद पुढं खाली बघून चालले होते. गेल्या तीन वर्षांत ते या गल्लीनं फारसे आले नव्हते. देवळाला जायचं तरी लांबच्या बोळानं जायचे. त्याचं कारण मला त्या दिवशी कळलं.

मेढ्यांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि मागं परडं. मेढे फौंड्रीत पाळीला गेलेले. शोभावहिनींनी सतरंजी अंथरली, पाणी दिलं, चहाचं आधण ठेवलं. वस्तादांना बघून त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

रणधीरनं सुरुवात केली. चांगलं बोलतो तो, नाव ठेवायला जागा नाही. दोन वेळचं दूध, अंडी, चांगली शाळा, बूट, डॉक्टर, सगळं त्यांच्या खर्चानं. पोराचं सोनं होईल म्हणाला.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं.

"न्या," त्या म्हणाल्या.

रणधीरला धक्काच बसला. एवढ्यात काम होईल असं त्याला वाटलं नव्हतं. त्यानं वस्तादांकडं बघितलं. वस्तादांची नजर सतरंजीवर.

"पृथ्वीला न्या. त्याचं नशीब मी कशाला अडवू? फक्त जायच्या आधी एक काम करा. थोरल्याला सांगून जा."

"काय सांगू, वहिनी?"

"की संपलं म्हणून. तुझं आता काही व्हायचं नाही, दुसरं काहीतरी बघ, एवढं सांगा. आम्ही सांगून थकलो. त्याच्या बापानं सांगितलं, मामानं सांगितलं. तो म्हणतो, सरांनी तसं सांगितलेलं नाही."

चहा उतू जायला आला होता. त्यांनी गॅस बारीक केला.

"बारावीला बसला नाही. मामानं फौंड्रीत चिकटवला, तर आठ दिवसांत परत. का, तर सरांचा फोन आला आणि सुट्टी मिळाली नाही तर? घासभर जेवतो आणि परड्यात जाऊन पाइपला लटकतो. हाताची सालटी निघाल्यात त्याच्या. तुमचा शब्द हो तो... तुम्हीच परत घ्या."

त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर आम्हाला सोपं गेलं असतं.

"वस्ताद, तुम्ही तरी..." रणधीर म्हणाला.



तेवढ्यात परड्याचं दार ढकलून दिग्विजय आत आला. घामानं निथळत होता. मागं दोन खांबांना आडवी पाइप बांधलेली दिसत होती, तिला लटकून आला होता. मिशी फुटलेली, गालफडं बसलेली. मी त्याला मैदानात बघितलेला आहे. बॉल मिळाला की आधी मान वर करून बघायचा, चारी बाजूंना. आमच्या पेठेत तसं बघणारं दुसरं पोरगं झालं नाही.

त्यानं रणधीरला बघितलं आणि जागीच थांबला.

मला वाटलं, आता हा शिवी हासडणार. हासडायलाच पाहिजे होती, मी मनातनं वाट बघत होतो. पण नाही. त्यानं शर्टाला हात पुसले. आतल्या भिंतीशी गेला. पाठ लावली, टाचा भिंतीला भिडवल्या, हात मांडीला चिकटवले. मान सरळ केली आणि श्वास धरून उभा राहिला.

 वहिनींनी तोंड फिरवलं.

"अरे, बस की लेका... कसा आहेस?" रणधीर म्हणाला.

"मोजा, सर."

"अरे, आता कशाला..."

"मोज," वस्ताद म्हणाले.

रणधीर उठला. खिशातनं मोजपट्टी काढली. तिचं टोक टाचेखाली धरायला त्याला पोराच्या पायाशी वाकावं लागलं. मग पट्टी वर नेली... आणखी वर नेली. रणधीरच्या स्वतःच्या कपाळाच्याही वर हात गेला. आकडा त्यानं वाचला, मला दिसलं. पण त्याच्या तोंडातनं तो निघेना.

"किती?" वहिनींनी विचारलं.

"पाच फूट... दहा इंच."

"तेव्हा चार इंच कमी होतो," दिग्विजय म्हणाला. तो हसत होता. "वाढलो की नाही, सर? पृथ्वीलापण लटकवतो मी रोज. रडतो पहिल्यांदा, पण लटकतो. त्याच्या उंचीवरनं तुम्हाला बोलायची वेळ यायची नाही."

त्याचं ते हसणं मला बघवेना. 

"बसलो ना, सर, मापात?"

"बसलास."

"मग मी कधी येऊ? पृथ्वीबरोबरच येऊ का उद्या? बॅग भरायला वेळ लागत नाही मला. आणि मागंच खेळीन, सर. मधे खेळवा म्हणणार नाही."

अकादमी पंधराच्या आतली पोरं घेते. हा अठरा पुरी करून बसलेला. त्या खोलीत हे सगळ्यांना माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं, की माहीत असून तो भिंतीला उभा होता, देव जाणे.

चहा कुणी घेतला नाही. कपांवर साय धरली.

रणधीरचे डोळे भरून आले. मोजपट्टी हातात तशीच लोंबत होती. मघाशी माल म्हणत होता तो गडी हाच का, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला त्याचीही कीव आली. समोर ते पोरगं अजून टाचा भिंतीला लावून उभं. त्याला नाही कसं म्हणायचं? मला तरी जमलं नसतं.

रणधीरनं घसा खाकरला.

"दिग्विजय... मी काय म्हणतो... तिकडं गेलो की मी वरती बोलतो. काहीतरी... म्हणजे... बघू..."

वस्ताद उठले. सत्तरीचा माणूस, पण दोन ढांगांत त्याच्यापर्यंत पोचले. आणि लहान पोराच्या तोंडावर ठेवावा तसा त्यांनी आपला पंजा रणधीरच्या तोंडावर ठेवला. रणधीर तसाच उभा राहिला, त्यानं हात झटकला नाही.  

"सर?" दिग्विजय म्हणाला. "काय झालं, वस्ताद?"

वस्तादांनी हात काढला.

"आता खरं सांग, रणधीर," ते म्हणाले. "खोटं आपण दोघांनी त्याला एकदा सांगून झालंय."