सांजेचं शिंग

"आता राहिला एकच, बाबा. त्याचं काय करू, तेवढं सांगा."

भानगिरी बाबांनी मान वर केली नाही. पुढ्यात भिजवलेल्या वालांचं पातेलं घेऊन ते एकेक वाल सोलत बसले होते.

"कोण राहिला?"

"सुभानजी. या खिंडीचा नाईक."

"तुला घोड्यावर बसायला शिकवलं, तो?"

"तोच."

गंभीरराव राजा मठाच्या ओट्यावर टेकला. लहानपणी याच ओट्यावर बाबांनी त्याच्याकडून अक्षरं गिरवून घेतली होती. गादीवर बसल्यापासून मात्र त्याला इकडची वाट आठवली नव्हती. आज आला तो फौज घेऊनच. फौज खाली पायथ्याशी उतरली होती, आणि समोरच्या उंबराला सुभानजी बांधलेला होता.

राजाचे डोळे लाल झाले होते. रोज निराळ्या तंबूत निजायचं, ताटातला पहिला घास दुसऱ्याला खायला लावायचा, कुणी मागून खोकलं तरी दचकायचं... असलं जगणं म्हणजे काय जगणं, तुम्हीच सांगा! पण संशय एकदा घरात शिरला की पाहुण्यासारखा दोन दिवसांत जात नाही. घरजावयासारखा ठाण मांडून बसतो.

थोरल्या राजांच्या वेळचे सरदार एकेक करून गेले होते. कुणाचा कडेलोट झाला, कुणाच्या पायांत बेड्या पडल्या. जावजीरावांना तर राजानंच पल्याडच्या राज्यात बोलणी करायला धाडलं, आणि ते परत आले तेव्हा फितूर म्हणून कोठडीत टाकलं.

"ह्याचा गुन्हा काय?" बाबांनी विचारलं.

राजानं कमरेचं शिंग सोडून पातेल्याशेजारी ठेवलं. तांब्याचं, जुनं, फुंकून फुंकून तोंडाशी झिजलेलं.

"हे. रोज सूर्य बुडताना हा खिंडीत उभा राहून फुंकायचा. पल्याडून दुसरं शिंग त्याला ओ द्यायचं. रोज, बाबा! मी तिकडं राज्याच्या काळजीनं झुरतोय, आणि हा इथं शत्रूशी गुजगोष्टी करतोय."

"विचारलंस त्याला?"

"हैबतरावांनी विचारलं." हैबतराव म्हणजे नवे सेनापती. "तो म्हणतो, इकडं सगळं ठीक आहे, एवढंच सांगत होतो. आता शत्रूला कुणी असं सांगतं का?"

बाबांनी एक वाल सोलला. साल बाजूला टाकलं.

"पुरावा पाहा ना! याला धरला, शिंग बंद पाडलं, आणि चार दिवसांत पल्याडच्या डोंगरावर घोडीच घोडी. कट फुटला म्हणूनच चवताळलेत ते. उद्या उजाडायच्या आत मलाच चाल करावी लागणार. त्याआधी ह्याचा निकाल लावायचा."

ओट्यावरून पल्याडच्या डोंगराची सोंड दिसत होती. तिच्यावर तंबू होते, चुलींचा धूर होता. माणसं मुंग्यांएवढी दिसत होती, पण पुष्कळ होती.

"हं..."

बाबांनी मूठभर वाल राजापुढं सारले. "सोल."

राजा सोलू लागला. हाताला काम मिळालं की जिवाला बरं वाटतं. ते राजांनाही वाटतं, फक्त त्यांना ते कुणी देत नाही.

"मी अर्धा बहिरा, गंभीर," बाबा म्हणाले. "पण ते शिंग मला ऐकू यायचं. ते वाजलं की मी देवापाशी दिवा लावायचो. हल्ली दिव्याला उशीर होतो."

राजानं पुढचा वाल उचलला.

"तू जन्मला नव्हतास तेव्हाची गोष्ट. आपल्या रानात वणवा लागला. पल्याडच्यांना वाटलं, आपली फौज आली. त्यांनी आपल्या वाड्या जाळल्या. मग आपण त्यांच्या जाळल्या. माणसं गेली, गुरं गेली... आणि कशापायी? वणव्यापायी! त्यानंतर ह्या सुभानजीनं आणि पल्याडच्या मल्लू नाइकानं मिळून हे ठरवलं. रोज सांजेला एकानं सांगायचं, दुसऱ्यानं ओ द्यायची. तुझ्या वडिलांना विचारून ठरवलं."

राजाच्या हातातला वाल हातातच राहिला.

"मला कुणीच सांगितलं नाही हे."

"ज्यांना ठाऊक होतं, त्यांना तू ठेवलंस कुठं?"

राजानं पुन्हा पल्याडच्या सोंडेकडं पाहिलं. इतक्या वर्षांचं शिंग एकाएकी बंद पडलं, तर आपण काय केलं असतं? आपणही घोडी आणून उभी केली असती. दुसरं काय सुचणार होतं?

ऊन उतरत चाललं होतं.

तो ताडकन उठला. "हैबतराव! इकडं या. हे शिंग घ्या आणि फुंका."

हैबतराव दोघा सरदारांसह अंगणात उभे होते. ते पुढं आले. त्यांनी शिंगाकडं पाहिलं, राजाकडं पाहिलं, आणि त्यांच्या मिशीखाली हसू फुटलं.

"धनी माझी परीक्षा पाहताहेत. पण हा हात त्या फितुरीच्या शिंगाला लागायचा नाही."

"परीक्षा नाही. माझा हुकूम आहे!"

"जावजीरावांनाही हुकूमच होता, धनी," हैबतराव अदबीनं म्हणाले, आणि लवून मुजरा करून मागं सरले.

दुसऱ्या सरदारानं खंडेरायाची शपथ घेतली, की आपण एकनिष्ठ आहोत. तिसरा तर कुणी विचारायच्या आधीच सांगू लागला, की आपल्या सात पिढ्यांत कुणी शिंगच काय, पुंगीसुद्धा वाजवलेली नाही.

राजानं तिघांच्या तोंडांकडं आळीपाळीनं पाहिलं. मोठमोठ्यानं रडावं, असं त्याला वाटलं. पण राजाला रडायची सोय कुठं असते!

तो उंबराकडं चालत गेला. दोराची गाठ आवळून बसली होती, बोटांनी सुटेना. शेवटी त्यानं खाली वाकून ती दातांनी सोडवली.

"काका..." त्याच्या तोंडातून निघून गेलं. "काका, शिंग वाजवा. सूर्य बुडतोय."

सुभानजीनं मान वर केली. ओठ फाटून सुजले होते. पुढचे दात नव्हते. हैबतरावांनी विचारलं होतं ते असं विचारलं होतं.

म्हाताऱ्यानं शिंग घेतलं, तोंडाला लावलं. नुसता वारा आला... आणि हनुवटीवरून रक्ताचा ओघळ.

"नाही व्हायचं, राजे." त्यानं अंगरख्याच्या बाहीनं शिंगाचं तोंड पुसलं. "तुम्ही फुंका."

"मला येत नाही."

"घोडं तरी कुठं येत होतं! अंग सैल सोडा. गाल फुगवू नका. पोटातून येऊ द्या."

राजानं फुंकलं. नुसतंच फुस्स झालं.

"ओठ आवळा. घाबरू नका. मी आहे ना इथं."

राजानं पुन्हा फुंकलं. आवाज निघाला तो रेड्याच्या हंबरण्यासारखा, पण निघाला. तिसऱ्यांदा तो खिंड ओलांडून पल्याड गेला. पायथ्याशी फौजेनं माना वर केल्या. हैबतरावांचा चेहरा तर पाहण्यासारखा झाला. आता राजालाच धरायचं की काय, अशा घोरात ते पडलेले दिसले.

सगळे ऐकत उभे राहिले.

पल्याडून काही आलं नाही. एक घोडं खिंकाळलं, तेवढंच.

राजानं पुन्हा फुंकलं. मग आणखी एकदा. कपाळाच्या शिरा ताठल्या, डोळ्यांत पाणी आलं. सूर्याची कड डोंगराआड गेली.

"मल्लू नाईक असा नाही," सुभानजी पुटपुटला. "तापानं फणफणला असला तरी उठून ओ द्यायचा. एक सांज चुकला नाही कधी."

राजा शिंग हातात धरून ओट्याशी आला. त्याला धाप लागली होती.

"ओ का येत नाही, बाबा? त्यांना ऐकू गेलं नाही का?"

भानगिरी बाबांनी शेवटचा वाल सोलून पातेल्यात टाकला. हात झटकले. मग पल्याडच्या डोंगराकडं पाहिलं.

"तिकडचा राजाही आत्ता कुणाला तरी विचारत बसला असेल, बाळ. आता राहिला एकच, त्याचं काय करू?"